झुंजे अजून लटकलेला आहे

एकशे बारा पुस्तकांनंतर लेखकाने हात टेकले
आणि दोन रुपयांना मिळणारा दिगंबर झुंजे, गुप्तहेर,
पोरका झाला.
एकशे तेरावं लिहायला घेतलं भार्गव तांडेलने,
दोनशे पानी वहीत, निळ्या बॉलपेनने.
दर रविवारी पाचला, भांडुपच्या वाचनालयात
जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर बसून
तो आम्हा सहा जणांना वाचून दाखवायचा.

सहाही जण झुंजेचे जुने भक्त.
भक्तांइतकं निर्दय कोणी नसतं.

मी लग्नपत्रिकांच्या छापखान्यात प्रुफं तपासते.
तीस वर्षं चि. सौ. कां.च्या डोक्यावरचा अनुस्वार राखलाय.
चूक दिसली की मला भूक लागते.
प्रकरण चारमध्ये झुंजेच्या एका हातात पिस्तूल,
दुसऱ्या हातात सिगारेट,
आणि "उरलेल्या हाताने" तो नायिकेचे अश्रू पुसतो.
म्हटलं, "उरलेला म्हणजे कितवा रे?"
सगळे हसलो. भार्गवही.
इथवर रीतसर होतं.

रीत ग्लॅडिस कोलासोने घालून दिलेली.
ती शाळेत शिकवायची, हसू दाबण्यात मुरलेली:
भात शिजतोय तोवर शीत दाबून बघावं,
पातेलं उपडं करू नये.
मेलेला खलनायक पाचव्या प्रकरणात फोन करतो,
तर "तिकडे रेंज बरी आहे हं" एवढंच म्हणावं
आणि चहा पुढे सरकवावा.
एका वाचनाला एक विनोद. दुसरा सुचला तर घरी न्यावा.
आणि लिहिणाऱ्याचं हसू थांबलं
की आपलं चालू ठेवू नये.

मी ठेवलं.

प्रकरण सात. वरळीचा टॉवर, एकोणिसावा मजला,
झुंजे कठड्याला एका हाताने लटकलेला,
"आणि समुद्राच्या बाजूने सूर्य उगवला."
म्हटलं, "भार्गव, वरळीला?
रात्रभर तिथेच झोपला होता का तो, चटई टाकून?"
रेवणकर खुर्चीवरून पडायचे राहिले.
मग मी एका आठवड्यातल्या दोन पौर्णिमा काढल्या,
मग ऱ्हस्व-दीर्घ.
भार्गवने वही मिटली. पेनाला टोपण लावलं,
नीट बसलं नाही, परत लावलं.
"घाईत लिहिलंय," म्हणाला.

पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही.
चार महिने एका हातावर माणूस,
आणि खाली मी, हसून मोकळी झालेली.

परवा मुंजीच्या पत्रिका द्यायला पहाटेच वरळीला जावं लागलं,
यजमान सकाळच्या विमानाने निघायचे होते.
भार्गव वरळीला रात्रपाळीचा लिफ्टमन, हे ऐकून होते,
कुठल्या इमारतीत, कधी विचारलं नव्हतं.
माझ्या पाठीमागे कुठेतरी उजाडलं असणार.
समोर, समुद्राला टेकलेल्या काचेच्या इमारतीत
लालभडक, लिफ्टने यावा तसा
मजला मजला चढत
तो वर येत होता.
रात्रपाळी सुटलेली माणसं गेटबाहेर
त्याच्याकडे तोंड करून जांभया देत होती.
त्यांना कोणी पूर्व-पश्चिम विचारत नव्हतं.

पार्सलातल्या एका कोऱ्या पत्रिकेच्या पाठीवर लिहिलं,
पेन्सिलने, लाल शाई पर्समध्येच ठेवून:
"काचेचं एक वाक्य घाल. सूर्य तसाच राहू दे.
पौर्णिमेवर मात्र मी ठाम आहे.
आणि तो जास्तीचा हात खोडू नकोस.
एकात कठडा, एकात पिस्तूल,
वर यायला त्याला लागेल."
तीन इमारतींत चौकशी केली, चौथ्या वॉचमनकडे दिली.

आज रविवार. पाच वाजून वीस मिनिटं.
रेवणकर गठ्ठ्यावरची धूळ झटकतायत, उगाचच.
ग्लॅडिसने चहा सात सांगितलाय.